गावातलं चार्जिंग स्टेशन: परवानगीशिवाय होणारा वापर कसा रोखायचा

हिंगणघाटजवळच्या महामार्गावरचा ढाबा असो, यवतमाळकडचं कृषी केंद्र असो की बचत गटाने ई-ऑटोंसाठी बसवलेली चार सॉकेटांची पेटी असो, चार्जिंग पॉइंट सुरू झाल्यावर काही दिवसांतच एक तक्रार कानावर येते: बिल वाढलंय, पण वहीत तेवढ्या गाड्या दिसत नाहीत. मग कॅमेरा लागतो, पाटी लागते, कधी भांडणही होतं. दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. कोणी पैसे भरलेले नसताना, कोणी कार्ड लावलेलं नसतानाही सॉकेटमध्ये लाइन चालू असते. ती बंद ठेवता आली की निम्म्याहून जास्त त्रास संपतो. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्याच गोष्टीला दिली आहे. पाटी आणि कॅमेरा नंतर.

आधी ओळखा: वापर नेमका कोण करतंय

खेड्यात परका चोर क्वचितच येतो. वापरणारे ओळखीचे असतात. रात्री ई-रिक्षा लावून पहाटे काढून नेणारा असतो. पोळ्याला किंवा गणपतीत सॉकेटवरून साउंडची लाइन ओढणारा मंडपवाला असतो. शेजारच्या दुकानाच्या दुरुस्तीसाठी वेल्डिंग मशीन लावणारा असतो. दुसऱ्याचं कार्ड घेऊन येणारा भाचा असतो आणि फवारणी पंपाची बॅटरी घेऊन आलेला शेतकरीही असतो. सगळ्यांना एकच कायदा लावू नका. फवारणी पंपाची बॅटरी साधारण १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची असते. म्हणजे पूर्ण चार्जिंगला जेमतेम ०.१ युनिट. त्यासाठी गावात वाईटपणा घेण्यात अर्थ नाही. दुकानाच्या वेगळ्या मीटरवर ६ अँपिअरचा एक साधा पॉइंट काढून द्या. ई-रिक्षाचं गणित वेगळं आहे. लेड-ॲसिड बॅटरीची गाडी एका रात्रीत ६ ते ८ युनिट सहज ओढते. वेल्डिंग मशीन तर पेटीतल्या वस्तूच जाळतं.

पायरी १: मीटर आणि जोडणी स्वच्छ करा

स्टेशनसाठी महावितरणकडून वाहन चार्जिंगच्या वर्गवारीतली स्वतंत्र जोडणी घ्या. ढाब्याच्या किंवा दुकानाच्या मीटरवरून पॉइंट काढले तर कोणाची वीज कुठे गेली हे कधीच कळणार नाही. घरची स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करायला अडचण नाही, पण शेतीपंपाच्या जोडणीवर गाड्या लावू नका.

वीज कायदा २००३ चं कलम १२६ इथे लागू होतं. ज्या कामासाठी किंवा ज्या जागेसाठी जोडणी मंजूर आहे ते सोडून दुसरीकडे वीज वापरली, तर तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. असा वापर कधीपासून सुरू होता हे ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरले जातात. नवीन चालकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट ही: मंडपवाल्याने तुमच्या सॉकेटवरून लाइन नेली, तरी जोडणी तुमच्या नावावर आहे आणि महावितरण आधी तुम्हालाच विचारणार. ‘मी दिली नव्हती, त्यानेच घेतली’ हे सांगायचं तर तुमच्याकडे कुलूप, नोंदवही आणि तारीख असलेला फोटो हवा.

अर्ज करतानाच विचारून घ्या की लाइन गावठाण फीडरवरून मिळणार की शेतीपंपांच्या. शेतीच्या फीडरवर पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं. त्याचा कुलूपबंदीशी थेट संबंध आहे, तो पुढच्या पायरीत येतो.

पायरी २: सॉकेट मेलेलं ठेवा

भिंतीवरचं उघडं १६ अँपिअरचं सॉकेट आणि शेजारी बटण ही सर्वांत कमजोर व्यवस्था. बटणाला कुलूप नसतं. ऑनलाइन मिळणारा स्वस्त स्मार्ट प्लगही इथे टिकत नाही. चार्जर लावताक्षणी करंटचा मोठा झटका बसतो, त्यानंतर तासन्‌तास १३–१४ अँपिअर वाहत राहतात, आणि आतला छोटा रिले (करंटवर चालणारा स्विच) चिकटून कायमचा चालू राहतो. शिवाय असे बरेच प्लग लाइन गेल्यावर आधीची स्थिती लक्षात ठेवतात. लाइन आली की सॉकेट आपोआप चालू.

बजेट कमी असेल तर तीन-चार सॉकेटांसाठी अशी पेटी वायरमनकडून बनवून घ्या. वायरमन परवानाधारकच हवा.

१. पेटीच्या तोंडाशी कुलूप लावता येईल असा आयसोलेटर, म्हणजे सगळी लाइन तोडणारा मुख्य स्विच. त्याची किल्ली फक्त दोघांकडे.

२. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (गळती किंवा जास्त करंट झाला की लाइन तोडणारा ब्रेकर), टाइप ‘ए’. बाजारात टाइप ‘एसी’ पटकन हातात देतात. तो घेऊ नका. चार्जरमधून येणाऱ्या स्पंदित डीसी गळतीला तो नीट ओळखत नाही.

३. प्रत्येक सॉकेटला २५ अँपिअरचा दोन पोलचा कॉन्टॅक्टर (कॉइलला लाइन मिळाली की मोठी लाइन जोडणारा स्विच), २३० व्होल्ट कॉइलचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडायचे. एकच पोल तोडणारा कॉन्टॅक्टर लावला आणि कुठे तरी फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर ‘बंद’ सॉकेटमध्येही फेज जिवंत राहतो.

४. कॉन्टॅक्टरची कॉइल किल्लीच्या स्विचमधून, किंवा कार्ड वा ॲपवर चालणाऱ्या कंट्रोलरमधून घ्या.

५. प्रत्येक सॉकेटला छोटा डिन-रेल (पेटीतल्या पट्टीवर बसणारा) ऊर्जा मीटर. हा खर्च वाचवू नका, पुढचा सगळा हिशोब याच्यावर उभा आहे.

६. वायर ४ चौरस मिमी तांब्याची. २.५ ची वायर कागदावर चालते, पण मे महिन्यात पत्र्याखालच्या पाइपात सलग आठ तास १४ अँपिअर वाहताना ती गरम राहते.

७. सॉकेट घरगुती तीन पिनचं न लावता निळं औद्योगिक १६ अँपिअरचं, झाकणाला कुलूप बसेल असं. भारत एसी-००१ या चार्जरमध्येही हेच निळं सॉकेट वापरलेलं असतं. त्यात साउंडवाल्याचा किंवा वेल्डिंगचा घरगुती प्लग बसतच नाही. ग्राहकांना लागणारी जोडवायर तुम्ही द्यायची आणि परत घ्यायची.

आता व्होल्टेजचा मुद्दा. कॉन्टॅक्टरची कॉइल ८५ टक्के व्होल्टेजपासून वर खात्रीने धरते, म्हणजे २३० च्या कॉइलला साधारण १९६ व्होल्ट हवेत. संध्याकाळी १७०–१८० व्होल्ट मिळतात अशा गावात कॉन्टॅक्टर ‘टर्रर्र’ असा आवाज करत धरतो-सोडतो. प्रत्येक वेळी आत ठिणगी पडते, संपर्कबिंदू खडबडीत होतात आणि एक दिवस दोन्ही एकमेकांना वेल्ड होतात. त्यानंतर किल्ली फिरवा की ॲपवरून बंद करा, सॉकेट चालूच. बाहेरून काहीच दिसत नाही. उपाय म्हणजे पेटीत अंडर-व्होल्टेज रिले: २०० च्या खाली तोडायचं आणि व्होल्टेज सुधारल्यावर २ ते ३ मिनिटं थांबून जोडायचं. आवाज करणारा कॉन्टॅक्टर दिसला की तो साफ करत बसू नका, बदलून टाका.

पेटी सावलीत, शक्यतो उत्तरेच्या भिंतीवर लावा. जास्त करंटला पडणारा एमसीबी (आरसीबीओतही हाच भाग असतो) ३० अंश तापमान धरून मोजलेला असतो. अकोला-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात उन्हातल्या लोखंडी पेटीच्या आत त्याहून खूप जास्त तापतं आणि १६ अँपिअरचा एमसीबी १४ वरच पडायला लागतो. मग स्टेशनवरचा पोरगा रोज पेटी उघडून तो वर करतो, कुलूप लावायचं विसरतो, आणि एक दिवस कोणीतरी त्या जागी ३२ अँपिअरचा बसवतो. कुलूप निकामी होण्याची सुरुवात अशी उन्हातून होते.

पायरी ३: तयार चार्जर असेल तर आतल्या सेटिंग तपासा

दुचाकी-तीनचाकीसाठी आयएस १७०१७ च्या भाग २२ मध्ये कमी खर्चाच्या एसी पॉइंटचं मानक आहे. तो मोबाइलशी ब्लूटूथने बोलतो, त्यामुळे पॉइंटला स्वतःचं सिमकार्ड लागत नाही. रेंज कमी असलेल्या गावात याचा मोठा फायदा. चारचाकीचे टाइप-२ किंवा डीसी चार्जर मात्र बहुधा कंपनीच्या सर्व्हरशी ओसीपीपी या ठरलेल्या संदेश-पद्धतीने जोडलेले असतात. बसवणारा माणूस गाडी चार्ज होते एवढं दाखवून निघून जातो. तो असतानाच त्याच्याकडून पुढच्या गोष्टी करून घ्या.

‘प्लग अँड चार्ज’ किंवा ‘फ्री मोड’ बंद करा. तपासणीसाठी तो चालू केलेला असतो आणि तसाच राहून जातो.

चार्जरच्या स्वतःच्या वायफायचा आणि इन्स्टॉलर मेनूचा पासवर्ड बदला. मूळ पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो.

ऑफलाइनची वागणूक ठरवा. गळती जास्त इथूनच होते. नेटवर्क गेलं की चार्जरपुढे दोन पर्याय असतात: कोणालाही देणे किंवा यादीतल्यांनाच देणे. ‘लोकल ऑथोराइझ ऑफलाइन’ चालू आणि ‘अलाउ ऑफलाइन टीएक्स फॉर अननोन आयडी’ बंद, असं ठेवा. नेहमीच्या गाड्यांची यादी चार्जरमध्येच साठवून घ्या. म्हणजे रेंज नसली तरी त्यांचं अडत नाही आणि अनोळखी कार्ड चालत नाही. यासोबत ‘स्टॉप ट्रान्झॅक्शन ऑन इनव्हॅलिड आयडी’ चालू हवं, म्हणजे बंद केलेलं कार्ड ऑफलाइन चाललंच, तर नेटवर्क येताच चार्जिंग थांबेल.

कार्ड लावल्यापासून गन (गाडीत लावायचा चार्जरचा प्लग) जोडेपर्यंतची मुदत ६० ते ९० सेकंद ठेवा. पाच मिनिटं ठेवली आणि कार्डवाला चहाला गेला, तर मधल्या वेळात दुसराच गाडी लावतो.

‘स्टॉप ट्रान्झॅक्शन ऑन ईव्ही साइड डिस्कनेक्ट’ चालू ठेवा, म्हणजे एका गाडीतून गन काढून दुसऱ्या गाडीत लावली तर पहिल्याच्या नावावर चार्जिंग पुढे जाणार नाही.

साध्या सॉकेटला, घरगुती असो की पायरी २ मधलं निळं, ही सोय नाही, हे नीट समजून घ्या. प्लग काढला की लावला, कोणाचा लावला, हे त्या सॉकेटला कळतच नाही. त्याला फक्त करंट कळतो. म्हणून कंट्रोलरमध्ये अशी अट घाला: करंट ०.२ अँपिअरच्या खाली गेला आणि ६० सेकंद तसाच राहिला, तर सत्र (म्हणजे ते एका वेळचं चार्जिंग) संपवा. बॅटरी भरल्यावरही सत्र संपेल, त्यात तुमचं नुकसान नाही. त्याच्या जोडीला प्लगसकट झाकण बंद होऊन कुलूप लागेल अशी पेटी हवी, कारण हुशार माणूस एका मिनिटाच्या आतही प्लग बदलतो.

लाइन जाऊन परत आल्यावर जुनं सत्र आपोआप सुरू होऊ देऊ नका. रात्री दोनला लाइन आली, गाडीवाला आधीच निघून गेला आहे, सॉकेट जिवंत आणि राखणारं कोणी नाही. नेहमीच्या ग्राहकाला पुन्हा एकदा कार्ड लावावं लागेल, ते त्याला आधीच सांगून ठेवा.

पायरी ४: खरंच बंद होतं का, ते स्वतः तपासा

सेटिंगवर विश्वास ठेवून चालत नाही. दर महिन्याला, आणि वीज पडल्यावर किंवा दुरुस्तीनंतर लगेच, हे करा. सॉकेट बंद असताना टेस्ट लॅम्प लावून पाहा. नुसता टेस्टर पुरेसा नाही, तो न्यूट्रलची गडबड दाखवत नाही. चार्जिंग सुरू असताना मेन पाडा, पाच मिनिटांनी वर करा, सॉकेट मेलेलंच राहायला हवं. सिम काढा किंवा राउटर बंद करा आणि यादीत नसलेलं कार्ड लावा, नाकारलं गेलं पाहिजे. शेवटी यादीतलंच एक कार्ड सर्व्हरवरून बंद करून ते लावून बघा. यातलं एकही चुकलं, तर दुरुस्त होईपर्यंत तो पॉइंट कुलपात ठेवा.

पायरी ५: कार्ड गाडीला द्या, माणसाला नाही

वहीत कार्ड क्रमांकासमोर गाडीचा नंबर लिहा आणि तोच नंबर कार्डावर मार्करने मोठा लिहा. सॉकेटपुढे उभ्या असलेल्या गाडीची पाटी आणि कार्डावरचा नंबर जुळत नसेल तर कोणालाही लांबूनच कळतं. माणसाच्या नावावर दिलेलं कार्ड आठवड्याभरात अख्ख्या घराचं होतं.

साधी आरएफआयडी कार्डं (चार्जरला टेकवायची कार्डं) नुसत्या क्रमांकावर ओळखली जातात आणि तो क्रमांक दुसऱ्या कार्डावर उतरवणारी यंत्रं स्वस्तात मिळतात. एकाच कार्डाची दोन ठिकाणी एकाच वेळी नोंद दिसली, तर ते तात्काळ बंद करा. गाड्या जास्त असतील तर ‘डेसफायर’ प्रकारची (नक्कल करायला अवघड) कार्डं वाचणारा चार्जर घ्या. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर दिवसाची मर्यादा घाला: ई-ऑटोला १० युनिट, स्कूटरला ४.

पायरी ६: क्यूआर आणि पैसे

छापील क्यूआरवर रात्रीतून दुसराच स्टिकर चिकटवला जातो. पैसे स्टिकरवाल्याच्या खात्यात, वीज तुमची. क्यूआर ॲक्रिलिकच्या काचेमागे, आतून लावा आणि पैसे कोणत्या नावाने जातात ते मोठ्या अक्षरांत बाजूला लिहा. दुकान उघडल्यावर एक रुपया पाठवून पाहणं ही चांगली सवय. चार्जरच्या पडद्यावर दर वेळी नवा क्यूआर येत असेल तर छापील काढूनच टाका.

ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर सॉकेट उघडू नका. तुमच्या मोबाइलवर किंवा साउंडबॉक्सवर रक्कम आली तरच उघडा. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

पायरी ७: पाटी, उजेड, जागा

पाटी मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लावा. मजकूर एवढा पुरे: ‘फक्त इलेक्ट्रिक वाहनांसाठी. कार्ड किंवा पैसे भरल्याशिवाय सॉकेट चालू होत नाही. इतर उपकरणे लावू नयेत. येथे कॅमेरा चालू आहे. अडचण असल्यास फोन करा’, आणि खाली नंबर. दर बदलत असतात, म्हणून दराची पट्टी वेगळी लावा. कॅमेऱ्याच्या चौकटीत सॉकेट आणि नंबरप्लेट दोन्ही यायला हवेत. नुसत्या आवाराचा फोटो काही कामाचा नाही. रेकॉर्डरला छोटा यूपीएस द्या. आठवडी बाजाराच्या दिवशी पॉइंटसमोर ट्रॅक्टर आणि मोटारसायकली लागतात, त्या दिवसापुरती साखळी ओढा.

पायरी ८: आठवड्याचा ताळा

दर सोमवारी सकाळी मुख्य मीटरचं आणि प्रत्येक छोट्या मीटरचं रीडिंग वहीत घ्या. समजा मुख्य मीटरवर आठवड्याला ४१२ युनिट आले आणि नोंदलेल्या सत्रांची बेरीज ३७१ आहे. तीन पॉइंट रिकामे असतानाही प्रत्येकी १० वॅट घेत असतील, तर ३० वॅट गुणिले १६८ तास म्हणजे ५ युनिट. उरले ३६. एसी पॉइंटला वायरीतली घट १–२ टक्क्यांपलीकडे जात नाही, म्हणजे सात-आठ युनिट. बाकीचे २८-२९ युनिट कोणीतरी नेले आहेत, आणि तेवढ्यात ई-रिक्षाच्या चार रात्री बसतात. डीसी चार्जरला मात्र ५ ते १० टक्के फरक रूपांतरातच जातो, तिथे घाईने कोणावर बोट ठेवू नका.

फरक दिसला की तीन-चार दिवस रात्री दुकान बंद करताना आणि सकाळी उघडताना रीडिंग घ्या. छोट्या मीटरांची बेरीज मुख्य मीटरशी जुळत असेल तर वापर सॉकेटवरूनच होतोय. जुळत नसेल तर मुख्य मीटर आणि पेटी यांच्यामधल्या वायरीवर कोणीतरी आकडा टाकला आहे किंवा जोड काढला आहे. तिथे स्वतः हात घालू नका, महावितरणला लेखी कळवा. मीटरशी छेडछाड आढळली तर प्रकरण कलम १३५ खाली चोरीत जातं.

गाडी लावलेली सापडली तर

चालू लोडवर प्लग ओढू नका. ठिणगी पडून सॉकेट जळतं आणि हातही भाजतो. आधी पेटीवरून बंद करा. नंबरप्लेट, प्लग आणि मीटरचं रीडिंग एकाच फोटोत घ्या. मग शांतपणे बोला: ‘भाऊ, हे मीटर आमच्या नावावर आहे, दंड आमच्यावर येतो. कार्ड करून घ्या, नाहीतर आजचे पैसे द्या.’ बहुतेक जण इथेच ऐकतात. तोच माणूस पुन्हा सापडला तर फोटोंसह ग्रामपंचायतीला किंवा तंटामुक्त गाव समितीला लेखी द्या. कुलूप तोडलं, पेटी फोडली तर थेट पोलीस ठाणे.

रानडुक्कर आणि रोही आत येऊ नयेत म्हणून कुंपणात करंट सोडण्याचा प्रकार आपल्याकडे आहे, आणि काही जण पेटीभोवतीही तसंच करायचं म्हणतात. ते कधीही करू नका. तो गुन्हा आहे, आणि पावसात त्या तारेला हात लागणारं पोर तुमच्याच गल्लीतलं असेल.

वाटेत बॅटरी संपलेल्या परक्या गाडीसाठी एक दार उघडं ठेवा. पाटीवरच्या नंबरवर फोन आला की तुम्ही ॲपवरून २ युनिटपुरतं सत्र सुरू करायचं आणि वहीत गाडीचा नंबर टाकायचा. दोन युनिटांत स्कूटर पुढच्या मोठ्या गावापर्यंत आरामात जाते. ही सोय असेल तर कुलूप फोडायची वेळच येत नाही.

आणि स्टेशनवरचा पोरगा काम सोडून गेला, तर त्याच दिवशी ॲपचा पासवर्ड, इन्स्टॉलर पिन आणि पेटीचं कुलूप तिन्ही बदला, त्याच्याकडचं मास्टर कार्ड सर्व्हरवरून बंद करा.